उंबरजे सरांची उलटतपासणी

“हैदराबादला काय ठेवलंय?” माझा रजेचा अर्ज टेबलावरून परत सरकवत उंबरजे सरांनी विचारलं.

“ग्रंथालय, सर. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवरची पुस्तकं तिथंच मिळतात. दिवाळीच्या सुट्टीला जोडून आठवडाभर मागितलाय फक्त.”

“आपल्या पोरांना पंचायत समितीचा सभापती कोण ते सांगता येत नाही, आणि बाई अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष पाठ करतायत!” शेजारी हेडक्लार्क पाटणे फायली घेऊन उभे होते, ते हसले. “रजा नाही. सुट्टीत बहिःस्थ विद्यार्थ्यांची परीक्षा आहे. सुपरव्हिजन तुमची लावलीय.”

“गेल्या वेळीही माझीच होती.”

“याही वेळी तुमचीच. पुढच्या वेळी असलात, तर पुढच्या वेळीही.”

मी अर्ज उचलला आणि बाहेर आले. त्या ‘असलात तर’चा अर्थ मला नीट कळला होता.

हे १९८७ सालचं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी राज्यशास्त्र शिकवायचे. सोलापुरात आमच्या घरी दोन पिढ्या माग चालत आलेला. घरात तेलुगू, दारात मराठी. येमूलांच्या घरातली मी पहिली एम.ए. कॉलेजात मात्र माझी नेमणूक कच्ची. दर एप्रिलला काढून टाकायचे आणि दर जूनला पुन्हा बोलवायचे. सगळं संस्थेचे अध्यक्ष काकासाहेब जवळगे यांच्या मर्जीवर. काकासाहेब पूर्वी आमदार होते. आता आमदार नव्हते, पण गावात ते कुणाला पटलेलं नव्हतं, त्यांना तर नाहीच.

माझ्या पीएच.डी.चा विषय होता अमेरिकेचे उपाध्यक्ष. सगळे नव्हेत. राष्ट्राध्यक्ष मध्येच वारले म्हणून त्यांच्या खुर्चीवर जे आले, ते आठजण. ज्यांना त्या खुर्चीसाठी कुणी निवडलं नव्हतं, ज्यांच्यावर बहुतेकांचा भरवसा नव्हता, ती माणसं सत्ता हातात आल्यावर कशी वागतात, हे मला पाहायचं होतं. हा विषय ऐकून लोक दोनच प्रश्न विचारायचे. अमेरिकेचाच का, आणि लग्नाचं काय.

ऑगस्टमध्ये आमचे प्राचार्य दिवाण हृदयविकारानं गेले. उपप्राचार्य वीरभद्र उंबरजे प्रभारी झाले. उंबरजे सर अकौंटन्सी शिकवायचे. काकासाहेब कॉलेजात आले की गाडीचं दार उघडायला हेच. सभेला निघाले की त्यांची बॅग ह्यांच्या हातात. मुलं त्यांना ‘बॅगवाले सर’ म्हणत. त्यांची नेमणूक झाली त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये म्हणून गेले, “चला, माझ्या प्रबंधाला नववं प्रकरण मिळालं.” सगळे खो खो हसले. संध्याकाळच्या आत ते वाक्य उंबरजे सरांपर्यंत पोचलं. कुणी पोचवलं ते मला माहीत आहे, पण तो माणूस आता हयात नाही.

तेव्हापासून माझ्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. सकाळी सातचा तास माझा आणि दुपारचा शेवटचाही माझाच. मधले पाच तास स्टाफरूममध्ये बसून राहायचं. रजा मागितली की नाही. पुस्तक मागवलं की ‘निधी नाही’. डिसेंबरात एकदा मी स्टाफरूममध्ये वाचत बसले होते. सर आत आले, पुस्तकाच्या पाठीवरचं व्हाइट हाउसचं चित्र त्यांनी पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “विणकराच्या पोरीला व्हाइट हाउसची स्वप्नं पडतायत. आधी म्हणावं, बापाच्या मागाला धागा तरी पुरवा.”

ह्या वेळी कुणी हसलं नाही. मी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “माझा बाप स्वतःच्या मागावर बसतो, सर. दुसऱ्याची बॅग उचलत नाही.”

ते वळून निघून गेले. आमचं वैर त्या दिवशी पक्कं झालं.

जानेवारीत आमच्या विषयाची कायम जागा निघाली. जागा कुणाची, हे गावातल्या पानवाल्यालाही ठाऊक होतं. काकासाहेबांचे जावई उदयकुमार दुसऱ्या वर्गात एम.ए. होऊन सासऱ्यांचा पेट्रोलपंप बघत होते. मुलीनं माहेरी येऊन हट्ट धरला होता की नवऱ्याला ‘प्रोफेसर’ म्हणवून घ्यायचंय. मी अर्ज केला तो केवळ, न करता बाहेर पडले असं होऊ नये म्हणून.

मुलाखतीला निवड समितीत मधोमध काकासाहेब होते. त्यांच्या उजवीकडं उंबरजे सर, समोर कागद, हातात पेन. डावीकडं विद्यापीठातून आलेले तज्ज्ञ डॉ. हर्डीकर आणि आणखी एक गृहस्थ. काकासाहेबांनी अडकित्त्यानं सुपारी कातरत विचारलं, “बाई, घरी सोलापूरला आईवडील एकटेच ना? तिकडं का नाही बघत एखादी नोकरी?”

“जाहिरात इथली होती, साहेब.”

हर्डीकरांनी मात्र विषयातलं विचारलं आणि चांगलं विचारलं. मला बोलताना बरं वाटत होतं. तेवढ्यात उंबरजे सरांनी पेन टेबलावर आपटलं.

“सारखं नेतृत्व, नेतृत्व म्हणताय. व्याख्या नको. एका माणसाचं उदाहरण द्या.”

जागा मिळणार नव्हतीच. मग जाता जाता ह्या माणसाला झोंबेल असं बोलून जावं, असं मी ठरवलं.

“चेस्टर आर्थर,” मी म्हणाले. “न्यूयॉर्कच्या एका बड्या पुढाऱ्याच्या पंखाखाली वाढलेला माणूस. तो म्हणेल ते करायचं, एवढंच राजकारण. पक्षातले रुसवेफुगवे मिटावेत म्हणून त्याला उपाध्यक्ष केलं. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड गोळी लागून वारले आणि हा खुर्चीवर आला. लोक म्हणाले, झालं, आता राज्य त्या पुढाऱ्याचंच.”

“मग?”

“पुढारी भेटायला आला. म्हणाला, न्यूयॉर्क बंदरावरचा मुख्य अधिकारी काढून टाक. आर्थरनं नाही म्हटलं. पुढं काही सरकारी नोकऱ्या वशिल्यानं न देता परीक्षा घेऊन द्यायच्या, असा कायदा त्याच्याच सहीनं झाला.”

सुपारीचा आवाज थांबला. हर्डीकर खिडकीबाहेर पाहू लागले. उंबरजे सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“म्हणजे ज्यानं वाढवलं त्याच्यावरच उलटला,” ते म्हणाले. “आमच्याकडं ह्याला नेतृत्व नाही म्हणत. कृतघ्नपणा म्हणतात.”

“उपकार त्या पुढाऱ्याचे होते, सर. खुर्ची त्याची नव्हती.”

“पुढं काय झालं तुमच्या आर्थरचं?”

“पक्षानं पुन्हा उभं केलं नाही.”

“आणि जुने दोस्त?”

“तुटले.”

“म्हणजे तेलही गेलं आणि तूपही गेलं. निघा तुम्ही.”

मी निघाले. स्टाफरूममध्ये बसले तर भिंतीपलीकडून काकासाहेबांचा चढलेला आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. संध्याकाळी एस.टी. स्टँडवर हर्डीकर भेटले. त्यांना कोल्हापूरची गाडी हवी होती. मला पाहून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पहिलं नाव तुमचं दिलंय आम्ही. अध्यक्षांना ते खाली हवं होतं. त्यांनी तुमच्या प्राचार्यांना सांगितलं, ‘अरे उंबरजे, बघतोस काय, ते वरचं नाव खाली घे.’ आमच्यादेखत, अरे-तुरे करून. उंबरजेंनी एकदा कागदाकडं पाहिलं. मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, ‘मी प्राचार्य आहे. नाव आहे तिथंच राहील.’ मीही सही करून टाकली लगेच. न जाणो, त्यांचा विचार बदलायचा.”

गाडी लागली आणि ते गेले. मी स्टँडवर उभीच राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. पण ह्या माणसाचं देणं आपल्या डोक्यावर आलं, हीच गोष्ट आधी टोचली.

नेमणुकीचा कागद हातात पडल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. आभार मानायचे आणि मोकळं व्हायचं.

“दार लावा,” ते म्हणाले.

मी लावलं.

“आभार मानायला आलात?”

“हो.”

“चार माणसांत तुम्ही मला पाळलेला कुत्रा म्हणालात.”

“मी आर्थरबद्दल—”

“मी अकौंटन्सी शिकवतो, बाई, पण गोष्ट कुणाला सांगितली ते मला कळतं. तुमच्यासाठी मी काही केलेलं नाही. पहिलं आलेलं नाव मी बदललं नाही, इतकंच. तुम्ही मला त्या दिवशी आवडला नव्हता, आज आवडत नाही, पुढंही आवडणार नाही. आणि एक ऐकून जा. मी तुमच्या वर्गाबाहेर उभा राहून ऐकलंय. पोरं झोपतात तुमच्या तासाला. तुम्ही शिकवत नाही, तुम्ही स्वतःला ऐकवता. राष्ट्राध्यक्षांबद्दल एवढं वाचलंत, समोरच्या पोराच्या डोळ्यांत एकदा तरी बघितलंत का?”

विणकराच्या पोरीचं मी उलट ऐकवलं होतं. हे मात्र वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. मी बाहेर आले तेव्हा माझे डोळे भरले होते, रागानं. बाहेरच्या टेबलापाशी पाटणे बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग बंद दाराकडं पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडं.

काकासाहेबांनी घाई केली नाही. मुरलेला माणूस होता. परीक्षा होऊ दिल्या, निकाल लागू दिले. जूनमध्ये उंबरजे सर निलंबित झाले. त्यांच्यावर आरोप ठेवला होता, ‘श्रीमती येमूल यांच्याशी असलेल्या निकट संबंधांमुळे निवडप्रक्रियेत गैरप्रकार केला.’

निकट संबंध! पाटण्यांनी लेखी दिलं होतं की बाई प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेल्या, दार आतून लावलं गेलं, बराच वेळ उघडलं नाही, आणि बाई रडत बाहेर आल्या.

गावाला आणखी काय हवं होतं? एका सकाळी वर्गात गेले तर फळ्यावर आमच्या दोघांची नावं, मध्ये बाण. घरमालकीण पाण्याच्या वेळेला माझी बादली बाजूला सारू लागली. उंबरजे सरांच्या बायकोनं, महादेवीबाईंनी, मंगळवारच्या बाजाराला जाणं सोडलं, असं कानावर आलं. त्यांना लग्न झालेल्या दोन मुली होत्या. मग सोलापूरहून माझे वडील आले. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. ते खाटेच्या कडेवर बसले, चपलासुद्धा काढल्या नाहीत.

“सामान बांध,” ते म्हणाले.

“काहीही घडलेलं नाही, नाना.”

“मला माहीत आहे. म्हणून तर म्हणतो. घडलं असतं तर तोंड कुठं लपवायचं ते तरी ठरवता आलं असतं.”

“मी आत्ता गेले तर लोक म्हणतील, खरंच होतं.”

ते उठले. मग म्हणाले, “चौकशीत जे आहे ते सांग आणि ये. कमी नको, जास्त नको.” आणि दुपारच्या गाडीनं परत गेले.

त्याच आठवड्यात काकासाहेबांनी बंगल्यावर बोलावलं. जावई पण तिथंच, सोफ्यावर पेपर वाचत. काकासाहेब फार गोड बोलले.

“तुमचा काही दोष नाही हो, बाई. तुम्ही पडलात एकट्या. वरिष्ठ माणूस केबिनमध्ये बोलावतो, दार लावायला सांगतो, तुम्ही काय करणार? चौकशीला निवृत्त जज्ज आणलेत, ठकारसाहेब. त्यांच्यासमोर एवढंच सांगा, की सरांनी उपकाराची परतफेड मागितली. तुमची नोकरी मी सांभाळतो. ह्यांना दुसरीकडं लावून घेऊ.” त्यांनी जावयाकडं हनुवटी केली. “आणि त्या माणसानं तुम्हाला काय कमी छळलंय? रजा नाही, पुस्तकं नाहीत. आम्हाला सगळं कळतं.”

“तुम्हाला कळत होतं?”

“संस्था आहे माझी.”

“मग तेव्हा का नाही थांबवलंत?”

त्यांचा चेहरा बदलला नाही. “साक्षीला या,” ते म्हणाले. “शहाण्या आहात.”

खोटं बोलायचं नाही, हे माझ्या मनात पक्कं होतं. पण त्या माणसाला वाचवायला जीव टाकावा, असंही वाटत नव्हतं. नुसतं सांगायचं, काही झालेलं नाही, आणि यायचं. मात्र ‘काही झालेलं नाही’ यावर कोण विश्वास ठेवणार? प्रत्येक बाई तेच म्हणते, असं म्हणायला संस्थेचा वकील बसलेलाच होता.

चौकशी भूगोलाच्या वर्गात झाली. ठकारसाहेब कृश, ऐकायला कमी येणारे गृहस्थ, प्रत्येक उत्तर दोनदा सांगायला लावायचे. शेजारी लिहून घेणारा कारकून. एका बाजूला संस्थेचे वकील आणि काकासाहेब. दुसऱ्या बाजूला उंबरजे सर एकटेच. त्यांनी वकील दिला नव्हता. त्यांची दाढी वाढलेली नव्हती, कपडे परीटघडीचे होते, आणि माझ्याकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या बाकांवर आमचा निम्मा स्टाफ.

वकिलांनी मला विचारलं, “आपण प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेला होता?”

“हो.”

“दार लावलेलं होतं?”

“हो, पण—”

“जेवढं विचारलंय तेवढंच. दार कुणी लावायला सांगितलं?”

“सरांनी.”

“बाहेर आलात तेव्हा आपण रडत होता?”

“डोळ्यांत पाणी होतं. पण ते—”

“एवढंच,” म्हणत ते बसले. मागं कुजबुज झाली. आता लोकांना जे हवं होतं ते सगळं माझ्याच तोंडून निघालं होतं.

“उलटतपासणी करणार?” ठकारसाहेबांनी विचारलं.

उंबरजे सर उठले. मला वाटलं, दोन गुळमुळीत प्रश्न विचारतील. बाई, मी आपल्याशी नेहमी आदरानं वागलो ना, वगैरे. मी मनाशी ठरवलं, आदराचं विचारलं तर नाही म्हणायचं.

“बाई, मी प्रभारी झालो तेव्हा तुम्ही स्टाफरूममध्ये काय म्हणालात?”

मी चकित झाले. “माझ्या प्रबंधाला नववं प्रकरण मिळालं, असं.”

“माझी चेष्टा करायला?”

“हो.”

“मोठ्यानं सांगा, साहेबांना ऐकू जात नाही.”

“हो, चेष्टा करायला!”

“त्यानंतर मी तुमची रजा किती वेळा मंजूर केली?”

“एकदाही नाही.”

“तुमची पुस्तकं?”

“एकही नाही.”

“सकाळी सातचा आणि शेवटचा, असे दोन्ही तास तुम्हाला कुणी लावले?”

“तुम्ही.”

माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. ह्या माणसानं मला वर्षभर छळलं होतं, आणि आता गावादेखत त्याचीच उजळणी करून घेत होता. ह्यातही त्याला मजा येत असेल, असं मला वाटलं.

“डिसेंबरात स्टाफरूममध्ये मी तुम्हाला काय म्हणालो?”

मी कारकुनाच्या कागदाकडं पाहिलं. मागच्या बाकांवर माना खाली गेल्या. ते सगळे तेव्हा तिथं होते.

“आठवत नाही?”

“आठवतं.”

“मग सांगा.”

“मला सांगायचं नाही.”

“साहेब, साक्षीदाराला उत्तर द्यायला सांगा.”

ठकारसाहेब म्हणाले, “सांगा, बाई.”

“विणकराच्या पोरीला व्हाइट हाउसची स्वप्नं पडतायत, असं म्हणालात.”

“पुढचं?”

“सर, पुरे.”

“पूर्ण सांगा.”

“आधी बापाच्या मागाला धागा पुरवा, असं.” माझा आवाज फाटला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती. मग ते म्हणाले, “आता केबिनमधलं. दार लावून मी काय बोललो, ते शब्द न् शब्द सांगा.”

तेवढ्यात वकील उभे राहिले. “साहेब, ह्याचा आरोपाशी संबंध काय? हे गृहस्थ स्वतःचंच वाईट वागणं सिद्ध करतायत!”

ठकारसाहेबांनी चष्मा काढला. “वकीलसाहेब,” ते सावकाश म्हणाले, “त्यांना तेच सिद्ध करायचंय असं दिसतं. बसा.”

मी वकिलांकडं पाहिलं. त्यांच्या शेजारी काकासाहेबांचा अडकित्ता मांडीवर तसाच पडला होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. निकट संबंध नव्हते, हे सिद्ध करायला आमच्याजवळ एकच पुरावा होता. आमचं वैर. आणि ते वैर खरं होतं, साऱ्या स्टाफसमोर घडलेलं होतं. ते मांडायचं तर ह्या माणसाला स्वतःची सगळी क्षुद्रता गावासमोर उघडी करावी लागणार होती, आणि ती तो माझ्या तोंडून वदवून घेत होता, कारण त्याच्या तोंडून ती कुणाला खरी वाटली नसती.

मग मी काहीच राखून ठेवलं नाही. पाळलेल्या कुत्र्याचं सांगितलं, ‘तुम्ही आवडत नाही’चं सांगितलं. वर्गातली पोरं झोपतात, हेही सांगितलं. मागून कुणीतरी हसलं आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

“रडलात का?”

“रागानं. तुमचं थोबाड रंगवता येत नव्हतं म्हणून.”

कारकून लिहिताना थांबला. “हे पण लिहू, साहेब?”

“लिहा,” ठकारसाहेब म्हणाले.

“शेवटचा प्रश्न,” उंबरजे सर म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडं सरळ पाहिलं. “आज माझ्याबद्दल तुमचं काय मत आहे?”

त्या क्षणी खरं उत्तर काय होतं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. पण द्यायचं उत्तर एकच होतं.

“तुमच्याइतका कोत्या मनाचा माणूस मी पाहिलेला नाही,” मी म्हणाले.

“एवढंच,” असं म्हणून ते बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं आणि बराच वेळ रुमाल तोंडावर धरून ठेवला.

आरोप सिद्ध झाला नाही. ठकारसाहेबांनी अहवालात लिहिलं की दोघांमध्ये निकट संबंध तर राहोच, साधे सौजन्याचे संबंधही आढळले नाहीत. गावात ते वाक्य पुष्कळ दिवस चाललं. फळ्यावरची नावं थांबली. घरमालकिणीनं माझी बादली पुन्हा रांगेत घेतली आणि वर म्हणाली, “मेला तो उंबरज्या! एवढं छळलं होय तुम्हाला?” मी कायम झाले. उदयकुमार पेट्रोलपंपावरच राहिले.

सर मात्र पुन्हा प्राचार्य झाले नाहीत. काकासाहेबांनी दरम्यान बाहेरून माणूस आणला होता. उपप्राचार्यपदही गेलं. उंबरजे सर पुन्हा वर्गात अकौंटन्सी शिकवू लागले. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. काकासाहेबांच्या भीतीनं काही बसत नसत, आणि त्या दिवशी भूगोलाच्या वर्गात जे ऐकलं त्यामुळं बाकीचे.

मी बसू शकत नव्हते. आम्ही दोघं चार शब्द बरे बोललो असतो तर पाटण्यांनी तेवढ्यावरून पुन्हा कागद रंगवला असता. म्हणून बोललोच नाही. समोरून आले तर मी व्हरांड्याच्या दुसऱ्या कडेनं जायचे. मीटिंगमध्ये मी काही सुचवलं की ते विरोध करायचे, आणि त्यांचा विरोध बहुतेक वेळा मुद्द्याचा असायचा. माझा प्रबंध पूर्ण झाला, पदवी मिळाली. सगळ्यांनी पेढे घेतले, सरांनी घेतला नाही. “मला साखर वर्ज्य आहे,” म्हणाले. डब्यात आणलेली शेंगदाणे-गुळाची गोड पोळी ते रोज खायचे, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी मला खरंच राग आला. आमचं वैर दाखवण्यापुरतं होतं असं कुणी समजू नये.

एक मात्र केलं. आर्थरवरचं प्रकरण छापायला देण्याआधी मी पुन्हा लिहून काढलं. आधी मी लिहिलं होतं की खुर्चीनं त्या माणसाला थोर केलं. ते वाक्य काढलं. थोर वगैरे काही झाला नव्हता तो. जुन्या सवयी तशाच, लोकांपासून अंतरही तसंच. एका ठिकाणी नाही म्हणाला आणि त्याची किंमत गुपचूप सोसली, एवढंच लिहिलं. आणि वर्गात मी टिपणं बघून बोलणं सोडलं.

सर निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभ झालाच नाही. काकासाहेब अजून होते. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, पहिल्यांदाच. दुपारची वेळ होती. महादेवीबाईंनी दार उघडलं. कपाळावर आडवं भस्म, अंगानं किरकोळ, डोळे मात्र हसरे. त्यांनी मला ओळखलं आणि गोंधळल्या.

“ते घरात नाहीत,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “असं सांगायला सांगितलंय त्यांनी. कालच म्हणाले होते, येमूल बाई आल्या तर आत घेऊ नको.”

“मग मी जाते.”

“जाता कुठं? बाहेर बसा. बाहेरचं काही बोलले नाहीत.”

त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली. मी बसले. आम्ही मुलींच्या सासरचं बोललो, नानांच्या तब्येतीचं बोललो, उन्हाचं बोललो. आतल्या खोलीत पंखा चालू होता आणि वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज मधूनमधून येत होता. बाई उठल्या आणि चुलीकडं गेल्या. कपबशीचा आवाज झाला, तसा आतून तो जुना, चढा आवाज आला:

“साखर दोन चमचे जास्त घाल म्हणतो! जन्माचं कडू तोंड आहे त्या बाईचं!”

महादेवीबाई कप घेऊन आल्या त्या शरमेनं लाल होऊन. “मनावर घेऊ नका हो,” त्या म्हणाल्या.

“नाही घेत,” मी आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. “सवय आहे मला.” आणि तो गोडमिट्ट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्याले.